सर्पगंधा वाचेल, वृक्षनेच्याचं काय?

माझ्या आजोळी, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, एक म्हातारी वैजीण होती. डिसेंबरात सर्पगंधेची पानं गळायला लागली की लहान कुदळ, कोयती आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती राईच्या कडेला जायची. सुट्टीत आलेली मी तिच्या मागोमाग. फळ धरून झालेलं झुडूपच ती निवडायची, कोवळ्याला हात लावायची नाही. बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने मोकळी करायची, मुळाचा खालचा भाग कोयतीने तोडून घ्यायची, आणि वरचा चार बोटांचा तुकडा खोडासकट पुन्हा त्याच खड्ड्यात बसवून माती पायाने दाबायची. मग तांब्यातलं पाणी. "शेंडी राखली की पावसात परत फुटता, बाय," असं ती दर वेळी म्हणायची, जणू मी पहिल्यांदाच ऐकते आहे.

हातात आलेली मुळी बोटाएवढी जाड, वाकडीतिकडी, मातकट. साल नखाने खरवडून जिभेला लावली की तो कडूपणा संध्याकाळच्या पेजेपर्यंत जायचा नाही. झुडूप मात्र देखणं. पांढऱ्या फुलांचा झुबका, त्याला लालभडक देठ, आणि पुढे हिरवी फळं पिकून काळी चकचकीत होतात. कोकणपट्टीत तिला अडकई किंवा हरकीही म्हणतात.

दुसरी वनस्पती मी पाहिली ती फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर. घाटाच्या पायथ्याशी एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने वर चढत होतो. वाट अशी नव्हतीच, दगडांवरून पाय टाकत जायचं. एका वळणावर वरून पडणारा उजेड एकदम हिरवा झाला. मान वर केली तर डोक्यावर छत्रीसारखा पसरलेला नेचा. खोड माझ्यापेक्षा उंच. त्यावर गळून पडलेल्या पानांच्या लंबगोल खुणा एकाखाली एक, कुणी शिक्के मारल्यासारख्या. देठ काळपट आणि हाताला खरखरीत, बुडाशी तपकिरी चकाकते खवले. मधोमध नवं पान अजून उलगडायचं होतं, गोगलगायीच्या शंखासारखं घट्ट गुंडाळलेलं. पानाच्या पाठीवर बोट फिरवलं तर बोटाला तपकिरी धूळ लागली. ते त्याचे बीजाणू. हा वृक्षनेचा, शास्त्रीय नाव सायथिया जायगँटिया. जागेचं नाव मी लिहिणार नाही. दुर्मीळ वनस्पतीचा पत्ता छापून आला की पुढच्या पावसाळ्यात तिथे कोण कोण पोचतं हे आता आपल्याला चांगलं माहीत आहे.

या दोघांची तुलना मी मांडते आहे, कारण आपल्याकडे 'दुर्मीळ वनस्पती वाचवा' म्हणताना दोघांना एकाच पिशवीत टाकलं जातं. एकच फलक, एकच रोपवाटिका, एकच भाषण. प्रत्यक्षात दोघांचं मरण वेगळं आहे. सर्पगंधा माणसाच्या हाताने मरते. वृक्षनेचा पाणी आटल्याने मरतो, आणि त्याला कुणी हातसुद्धा लावलेला नसतो. हातावर लक्ष ठेवता येतं, कायदा करता येतो, लागवड करता येते. पाणी आटवणाऱ्याला पकडणं कठीण, कारण तो बहुधा दोन डोंगर पलीकडे असतो आणि त्याच्याकडे सगळे परवाने असतात. म्हणून माझं म्हणणं असं की गोव्यात आज खरी काळजी करायची ती नेच्याची, आणि ती करायची असेल तर वनस्पतींच्या याद्यांकडून व्हाळांकडे वळलं पाहिजे.

आधी सर्पगंधेबद्दल, कारण तिचा आणि गोव्याचा संबंध जुना आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये इथे आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. हिंदुस्थानातल्या औषधांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात सापाच्या विषावर वापरल्या जाणाऱ्या मुळांचं एक प्रकरण आहे, आणि त्यातलं एक मूळ म्हणजे आपली सर्पगंधा असं अभ्यासक मानतात. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी ही मुळी गोव्यात छापलेल्या कागदावर उतरली. पुढे १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून एक अल्कलॉइड वेगळं केलं आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्याला अजमलिन नाव दिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये याच मुळीतलं, रक्तदाब उतरवणारं रिसर्पिन हाती लागलं, आणि ज्या मुळीसाठी वैजीण वर्षातून चार-पाच झुडपं उकरायची ती जगाच्या बाजारात पोत्यांनी जाऊ लागली.

इथे या वनस्पतीचं दुर्दैव नीट समजून घ्यायला हवं. औषध मुळात, त्यातही मुख्यतः मुळाच्या सालीत. पान तोडलं तर झाड जगतं, फळ तोडलं तर जगतं, मूळ उपटलं की संपलं. बाजाराला शेंडी राखायला वेळ नसतो. मजुरीवर मुळं गोळा करणाऱ्याला वजनाचे पैसे मिळतात, त्यामुळे तो सगळंच काढतो, फळ धरलंय की नाही बघत नाही. त्यात बिया पेरल्या तरी उगवण बेताची. दक्षिण भारतातल्या औषधी वनस्पतींच्या मूल्यमापनात तिची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. १९९० मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचं नाव गेलं.

आणि तरीही मी म्हणते, सर्पगंधा वाचेल. ती वाचवायची कशी हे आपल्याला माहीत आहे. बियांनी नाही तर मुळाच्या तुकड्यांनी, खोडाच्या फाट्यांनी तिची रोपं होतात. वैजीण जे करत होती तेच लागवडीचं तंत्र म्हणून कृषी विद्यापीठं शिकवतात. दीड-दोन वर्षांत मूळ काढण्याजोगं होतं. सुपारीच्या कुळागरात, जिथे सावली आहे, पाटाचं पाणी आहे, पालापाचोळ्याची माती आहे, तिथे ती आनंदाने वाढते. मिरवेल चढते तशी खाली सर्पगंधा राहू शकते. औषधी वनस्पतींच्या लागवडीला मदत करणारं राष्ट्रीय मंडळ २००० सालापासून आहे. तिला मागणी आहे, ओळख आहे, ग्रंथात जागा आहे. ज्या गोष्टीचा भाव आहे ती लावणारा माणूस कधी ना कधी मिळतो. रानातली सर्पगंधा कुळागरातल्या सर्पगंधेची बरोबरी नाही करणार हे मला मान्य आहे, तिच्यातलं वैविध्य रानातच असतं. पण ती जात नाहीशी होण्याच्या वाटेवरून मागे फिरू शकते.

वृक्षनेच्याला यातलं काहीच लागू नाही. त्याचा इथे कुणाला उपयोग नाही. बाहेरच्या देशांत त्याच्या कुळातल्या नेच्यांची खोडं कापून त्याच्या फळ्यांवर ऑर्किड लावतात, म्हणून सायथिया हे सगळं कुळ सर्पगंधेच्याही आधी त्याच साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं. गोव्यात मात्र त्याला कुणी विकत नाही, कुणी खात नाही, देवाला वाहत नाही. आंब्याच्या फांदीवर वाढणाऱ्या नेच्याला आपल्याकडे बाशिंग असं सुरेख नाव आहे, कारण तो नवरदेवाच्या कपाळावरच्या बाशिंगासारखा दिसतो आणि औषधालाही लागतो. वृक्षनेच्याला गावच्या तोंडी असलेलं नाव मी अजून ऐकलेलं नाही. ज्या काठाने आम्ही चढलो तिथल्या काजूच्या बागायतदाराला विचारलं, तर म्हणाले, "तें जंगली माडासारखें कितें तरी आसा." साठ वर्षं त्या व्हाळाचं पाणी प्यायलेला माणूस. त्यांचा दोष नाही. नाव गरजेतून येतं, आणि त्याची गरज कुणाला पडलीच नाही.

आता हा नेचा जन्माला कसा येतो ते सांगते, कारण सगळा युक्तिवाद तिथेच आहे. त्याला फूल नाही, बी नाही. पानामागची ती तपकिरी धूळ वाऱ्यावर कोसच्या कोस जाते, त्यामुळे वरवर वाटतं की याला काय, कुठेही रुजेल. पण बीजाणूतून थेट नेचा उगवत नाही. ओल्या मातीवर आधी एक हिरवी, पातळ, बदामाच्या आकाराची चकती तयार होते, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ती व्हाळाच्या कातळालगतच्या मातीत, शेवाळात मिसळलेली असते, भिंग लावून शोधावी लागते. मी शोधली आहे. गुडघे टेकून, नाक मातीला लागेल इतकं वाकून. त्या चकतीच्या पोटाशी नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहून जावं लागतं. अक्षरशः पोहून. मातीवर पाण्याचा पापुद्रा असेल तरच मिलन होतं. सर्पगंधेसाठी फुलपाखरू, मधमाशी धावाधाव करते. नेच्यासाठी हे काम पाणी करतं, आणि तेही चकती जिवंत असेपर्यंत जागेवर हवं. काठाची माती काही दिवस सुकली की चकती वाळली, आणि ती पिढी तिथेच थांबली.

म्हणून मोठा नेचा उभा दिसतो म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नये. वाढलेला नेचा कितीतरी वर्षं तग धरतो. त्या व्हाळाकाठी आम्हाला मोठे नेचे दिसले, मधल्या वयाचे फार थोडे आणि गुडघ्याएवढं पिल्लू एकही नाही. म्हाताऱ्यांचंच गाव असावं तसं. कुणीही त्यांना तोडलेलं नव्हतं. मी परत मार्चअखेर गेले तेव्हा व्हाळात डबकी उरली होती, काठाची माती भेगाळली होती. बागायतदार म्हणाले, पूर्वी मे महिन्यातसुद्धा हा व्हाळ वाजायचा.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त. इतकं पाणी पडून व्हाळ मार्चमध्ये आटतात याचं कारण आकाशात नाही, डोंगरात आहे. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, पाणी पितो, जांभा ते धरून ठेवतो आणि झरी उन्हाळाभर ते थोडं थोडं सोडते. सडा खणला, उतार कापून भूखंड पाडले, वरची राई जाऊन एकाच जातीची लागवड आली, की पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळतं. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत खनिजाच्या खंदकांनी भूजलाच्या पातळीखाली जाऊन पाणी उपसलं, तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या विहिरी आणि झरी कशा कोरड्या पडल्या हे तिथल्या बायकांना विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणी थांबल्या, आणि २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. खाणीवर ज्यांची चूल अवलंबून आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही, माझ्या नात्यातले लोकही ट्रकवर होते. पण कुठल्या झरीचं पाणी किती घटेल हा प्रश्न त्या चर्चेत कागदावर आकडा म्हणून यायलाच हवा होता, आणि तो येत नाही.

कायदा काय मोजतो ते पाहिलं की हे का होतं ते कळतं. गोव्याचा झाडं राखण्याचा कायदा १९८४ चा. त्यात झाड म्हणजे काष्ठमय वनस्पती, जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर खोडाचा व्यास किमान ५ सेंटिमीटर आणि उंची किमान १ मीटर. सर्पगंधा या मापात बसत नाही, ती कमरेएवढी कशीबशी होते. वृक्षनेचा उंचीने आणि जाडीने सहज बसेल, पण त्याच्या खोडात लाकूड नाही. ते मुळांच्या जाळीने गुंडाळलेलं, तंतूंचं खोड आहे. वकिलाने ठरवलं तर तो झाड नव्हे हे सिद्ध करायला अर्धा तास पुरेल. ही केवळ शंका म्हणून मी बोलत नाही. २०१६ मध्ये याच कायद्याच्या व्याख्येतून माड वगळला गेला होता. गोव्यात माड झाड नाही, हे विधानसभेत मंजूर झालं होतं. लोक खवळले, आणि २०१७ मध्ये माड परत आला, राज्यवृक्षाच्या मानासह. माडासाठी सगळा गोवा बोलला, कारण माड आपल्या आमटीत आहे, छपरात आहे, लग्नात आहे. नेच्यासाठी कोण बोलणार?

खासगी वनाचं मोजमाप तसंच. किमान ५ हेक्टर सलग क्षेत्र, ७५ टक्के वनवृक्ष आणि ०.४ छत्रघनता, म्हणजे चाळीस टक्के जमीन झाडांच्या छत्राखाली, असे तीन निकष. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. आता ज्या घळीत माझे नेचे उभे आहेत ती घळ मापून बघा. रुंदी वीस-पंचवीस पावलं, लांबी फार तर अर्धा किलोमीटर, बाजूला काजू. हेक्टर भरत नाही, वनवृक्षांचं प्रमाण भरत नाही. अख्ख्या डोंगरातली सगळ्यात ओली, सगळ्यात जुनी जागा कागदावर वन ठरत नाही. निकष लावणाऱ्यांनी कुणाचं वाईट चिंतलं असं मी म्हणत नाही. त्यांनी झाडांचा विचार केला, आणि उंच झाडांचा विचार करणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही.

वन्यजीव कायद्यात वनस्पतींसाठी वेगळं प्रकरण आलं ते १९९१ मध्ये, आणि तेव्हाच्या यादीत सहाच नावं होती. त्यात सर्पगंधा नव्हती, एकही नेचा नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढली, नीलकुरिंजीसारखं सगळ्यांचं लाडकं फूल तिच्यात आलं, चांगलंच झालं. साइट्समधल्या जातींच्या व्यापारावरही त्याच दुरुस्तीने देशांतर्गत कायद्याचा अंकुश आला. पण पुन्हा तेच. व्यापार थांबवला तर सर्पगंधा वाचते, कारण तिचा मारेकरी व्यापारी आहे. वृक्षनेच्याचा गोव्यातून एकही तुकडा बाहेर गेला नाही तरी तो नाहीसा होऊ शकतो. एकाच परिशिष्टातल्या दोन नावांपैकी एकाला ते परिशिष्ट ढाल आहे आणि दुसऱ्याला त्याचा काही आधार नाही.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास आगी लागल्या, त्या आठवड्यात आम्ही सगळेच डोंगराकडे बघत बसलो होतो. रात्री काळोखात उतारावर लाल रेघा सरकताना दिसायच्या. बऱ्याच ठिकाणी ती जमिनीलगतची आग होती, मोठी झाडं उभी राहिली. पण तीन हातांखालचं जग जळलं, आणि त्या जगाची शिरगणती आपल्याकडे आधीही नव्हती, नंतरही झाली नाही. सर्पगंधेचं मूळ मातीत शाबूत असेल तर पहिल्या पावसाने ती वर येऊ शकते. नेच्याच्या नखाएवढ्या चकतीला मातीखाली लपायला जागा नसते.

यावर मला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली अशी की हा नेचा ईशान्य भारतात आहे, श्रीलंकेत आहे, आग्नेय आशियात आहे, जगातून काही संपत नाही, मग एका घळीसाठी एवढं का? तो बाहेर आहे हे खरं, आणि मला त्याचा आनंद आहे. पण आसामातला नेचा आमच्या व्हाळाला पाणी आणून देत नाही. इथला नेचा गेला याचा अर्थ इथली झर गेली. त्याच झरीवर खालच्या वाड्याची विहीर आहे, मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या बायका आहेत. शास्त्रज्ञांच्या यादीत तो कुठल्या रकान्यात पडतो यापेक्षा आमच्या तालुक्यात त्याची पिल्लं का नाहीत, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

दुसरं म्हणणं जास्त गोड आहे. वनस्पती उद्यानात लावा, बीजाणूंपासून प्रयोगशाळेत रोपं करा, शाळेच्या मुलांना दाखवा. करता येतं, करावंही. पण नळाच्या पाण्यावर, हिरव्या जाळीखाली वाढलेला नेचा आपल्याला रानाबद्दल काहीच सांगत नाही. सर्पगंधेच्या बाबतीत लागवड हा रानावरचा भार हलका करण्याचा उपाय आहे, कारण कुळागरातलं मूळ मिळालं की रानातलं उपटावं लागत नाही. नेच्याच्या रानावर असला भारच नाही. त्याची रोपं हजारांनी केली तरी आटलेल्या काठावर नेऊन लावायची कुठे?

मग करायचं काय? सर्पगंधेसाठी मला दोनच गोष्टी हव्या आहेत. कुळागरवाल्यांना रोपं आणि मुळाला खात्रीचा खरेदीदार, ही एक. दुसरी थोडी नाजूक आहे, माटोळीची. चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधलेली माटोळी हा माझ्या मते गोव्यातला सगळ्यात सुंदर वनस्पतीशास्त्राचा धडा आहे. नारळ, सुपारीचा घड, तोरिंगण, कांगण्या, वाघनखी, आजोबा ओळखतात आणि नातू बांधतो. पण स्पर्धा आली आणि जिन्नस शेकड्यांवर गेले. ज्याच्याकडे दुर्मीळ जास्त त्याची माटोळी मोठी, अशी चढाओढ लागली, आणि फळाऐवजी अख्खी रोपं मुळासकट येऊ लागली. नियम एवढाच करावा, मुळासकट काढलेलं काहीही मोजायचं नाही, आणि जी दुर्मीळ वनस्पती स्पर्धकाने आपल्या परसात वाढवली आहे तिला वेगळे गुण द्यायचे. देवालाही ते जास्त आवडेल असं मला मनापासून वाटतं.

नेच्यासाठी मागणी मोठी आहे. व्हाळ हे राखण्याचं एकक धरा. झरीच्या मुखापासून व्हाळ नदीला मिळेपर्यंत, दोन्ही काठांचा ठरावीक पट्टा, मग तो वनखात्याचा असो, कोमुनिदादचा म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा असो की खासगी, खणायचा नाही, जाळायचा नाही, साफ करायचा नाही. झाडं पाच हेक्टर भरतात का हे विचारायचं नाही, उन्हाळ्यात तिथे ओल आहे का हे विचारायचं. हे काही परकं नाही. बांबरच्या निरंकाराच्या राईत जंगली जायफळाची पाणथळ आजवर टिकली, केरीत अजोबाची राय टिकली, ती कुणी वृक्षगणना केली म्हणून टिकली नाही. तिथलं पाणी देवाचं मानलं, आणि पाण्याबरोबर त्याच्या काठचं सगळं आपोआप देवाचं झालं, नाव असलेलं आणि नसलेलंही. जैवविविधता कायद्यात वारसा स्थळ जाहीर करण्याची सोय आहे, डिचोली तालुक्यातल्या सुर्ला गावच्या राईला तो दर्जा मिळालाही आहे. राईला मिळतो तर झरीला का मिळू नये? जागा अर्ध्या हेक्टरची का असेना.

याच कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता समिती असते आणि तिने लोकांकडून माहिती घेऊन नोंदवही करायची असते. गोव्यात १९१ पंचायती आहेत. १९१ नोंदवह्यांत आपापल्या गावच्या झरींची यादी आणि त्या कुठल्या महिन्यापर्यंत वाहतात हे जरी प्रामाणिकपणे लिहिलं गेलं, तर कुठलाही प्रकल्प आला की बोलायला आपल्या हातात काहीतरी असेल. एका पंचायतीची वही मी पाहिली. आंबा, फणस, माड, तुळस, कोरफड. कुठल्याही गावाला चालेल अशी. सर्पगंधा होती, औषधी उपयोगासह. नेच्यांचं पान नव्हतं.

मी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून एक कोरा तक्ता घेतला आणि बाकावर बसून भरला. शास्त्रीय नाव लिहिलं. स्थानिक नावाच्या रकान्यात बागायतदारांचे शब्द लिहिले, 'जंगली माडासारखें'. पुढचा रकाना उपयोगाचा. तिथे पेन बराच वेळ थांबलं. कर्मचारी म्हणाला, "मॅडम, उपयोग नसला तर रेघ मारा." मी त्यात झरीचं नाव लिहिलं, तिच्यावर अवलंबून असलेली घरं लिहिली, अकरा. आणि त्याखाली लिहिलं की पूर्वी मे अखेरपर्यंत वाहायची, आता मार्चमध्ये थांबते, नेच्याचं नवं पिल्लू दिसलेलं नाही, पुन्हा पाहणी मे महिन्यात.